आठवड्याची एक पेनी

सोमवार, २ एप्रिल १७३९. दुपारचे चार वाजलेत आणि तुम्ही ब्रिस्टल शहराला लागून असलेल्या, विटा पाडायच्या मोकळ्या जागेत उभे आहात. बुटांना चिखल चिकटतोय. भोवती सुमारे तीन हजार माणसं जमली आहेत. गोदीवरचे हमाल आहेत, काचेच्या भट्ट्यांवरचे कामगार आहेत, कडेवर पोर घेतलेल्या बाया आहेत. किंग्जवुडच्या कोळसाखाणींतून आलेल्या पुरुषांच्या पापण्यांपर्यंत काजळी बसली आहे.

उंचवट्यावर एक ठेंगणा, नीटनेटका माणूस चढतो. जॉन वेस्ली, वय पस्तीस. ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा फेलो आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दीक्षा घेतलेला पाळक. त्याच्याकडे नीट पाहा, कारण तो मनातून अवघडलेला आहे. चर्चच्या चार भिंतींबाहेर कुणाचं तारण होणं हे त्याला परवापरवापर्यंत जवळजवळ पापच वाटत होतं. ऑक्सफर्डमध्ये तो आणि त्याचे सोबती ठरल्या दिवशी उपास करत, तुरुंगात कैद्यांना भेटत, नेमाने प्रभुभोजन घेत. त्यावरून त्यांना जी नावं ठेवली गेली, त्यांतलं एक 'मेथॉडिस्ट'. असा नेमाचा माणूस आज उघड्या आकाशाखाली, कुठल्याही वेदीविना उपदेश करायला उभा आहे.

त्याला इथे ओढून आणलं जॉर्ज व्हाइटफील्डने. व्हाइटफील्ड अवघा चोवीस वर्षांचा. चर्चचे दरवाजे त्याच्यासाठी एकेक करून बंद होऊ लागले, तेव्हा फेब्रुवारीत तो थेट किंग्जवुडच्या खाणकामगारांपुढे जाऊन उभा राहिला. या वस्तीला जवळ चर्च नव्हतं आणि शहरातली प्रतिष्ठित माणसं तिकडे जायला भीत. तिथे ऐकणाऱ्यांच्या काळ्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ उतरताना दिसले, असं सांगतात. आता व्हाइटफील्डला अमेरिकेला जायचं आहे. म्हणून त्याने वेस्लीला बोलावून घेतलं, काल स्वतः बोलून दाखवलं आणि आज त्याला पुढे केलं.

वेस्ली नासरेथच्या सभास्थानात येशूने वाचलेला यशयाचा उतारा घेतो, गरिबांना सुवार्ता सांगणारा. आवाज शांत आहे. व्हाइटफील्डसारखा तो गरजत नाही. पण तो जे म्हणतो त्याने तुमच्या शेजारचा खाणकामगार मान वर करतो. देवाची कृपा तुमच्या आधी तुमच्यापर्यंत आलेली आहे, असं तो सांगतो. तुम्ही चांगले झालात म्हणून ती येत नाही. तुम्हाला चांगलं व्हावंसं वाटतं, आतून काहीतरी टोचतं, लाज वाटते, ते टोचणंही तिचंच काम आहे. मेथॉडिस्ट शिकवणीचा हा पाया, आणि तो पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे चिखलात ऐकलेला बरा. कारण या माणसांना आजवर कुणी तुमचाही यात वाटा आहे असं सांगितलेलं नाही.

मग तो विश्वासाकडे वळतो. मनुष्य आपल्या पुण्याईवर नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तावर भरवसा टाकल्याने ठरतो. हे तो ऐकीव सांगत नाहीये. १७३५ मध्ये तो जॉर्जिया वसाहतीत मिशनरी म्हणून निघाला. वाटेत वादळाने जहाज फुटायला आलं तेव्हा तो मरणाला घाबरला आणि त्याच जहाजावरचे मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक मात्र शांतपणे गात राहिले. जॉर्जियात त्याचं काम फसलं. परत आल्यावर २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका बैठकीला तो मनाविरुद्ध गेला. कुणीतरी रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास त्याला छातीत ऊब जाणवली आणि आपली पापं, आपलीच, क्षमा झाली आहेत अशी खात्री पटली. आज तुमच्यापुढे बोलतोय तो त्या संध्याकाळनंतर दहा महिन्यांनी.

थोडं थांबा इथे, कारण याच महिन्याच्या शेवटी एक भांडण उभं राहणार आहे. तारणासाठी देवाने काही जणांना आधीच निवडलंय आणि बाकीच्यांना सोडून दिलंय, या मताविरुद्ध वेस्ली ब्रिस्टलमध्येच उपदेश करतो आणि तो छापतोही. कृपा सर्वांसाठी आहे, तिला नकार देता येतो, पण ती कुणाला नाकारली गेलेली नाही, ही त्याची भूमिका. व्हाइटफील्ड निवडीच्या मताचा. त्याने हा वाद उघड करू नकोस म्हणून विनवलेलं असतं. पुढे दोघांचे अनुयायी फुटतात, किंग्जवुडमध्येही फुटतात. मला हा वाद पंडिती वाटत नाही. तीन हजार लोकांपुढे उभं राहून सगळ्यांना या म्हणायचं आणि यादी आधीच ठरलेली आहे असं मनात धरायचं, हे वेस्लीला जमलं नाही, आणि ते जमलं नाही म्हणूनच मेथॉडिस्ट पंथ जसा घडला तसा घडला.

आता शहरात चला. निकोलस स्ट्रीट आणि बाल्डविन स्ट्रीटवर दोन छोट्या मंडळ्या भरतात आणि जागा पुरत नाही. मे १७३९ मध्ये हॉर्सफेअर भागात जमीन घेतली जाते, १२ मे रोजी पहिला दगड बसतो आणि जूनच्या सुरुवातीला अर्धवट इमारतीतच लोक जमू लागतात. तिला नाव साधं मिळतं: न्यू रूम, नवी खोली. ती कुठल्या संताच्या नावे नाही, तिला मनोरा नाही. वेस्ली तिला चर्च म्हणत नाही. रविवारी तुम्ही आपापल्या पॅरिशच्या चर्चमध्ये जा, प्रभुभोजन तिथे घ्या, असा त्याचा आग्रह, म्हणून इथल्या सभा पहाटे पाचला किंवा संध्याकाळी. मेथॉडिस्टांची जगातली सर्वांत जुनी इमारत हीच, आणि आजही ती उभी आहे.

पण ती कर्जावर उभी राहिली. या कर्जाची गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे.

१५ फेब्रुवारी १७४२. तुम्ही न्यू रूममध्ये बाकावर बसला आहात. मेणबत्त्यांच्या उजेडात मंडळीतले प्रमुख लोक हिशोबावर वाद घालताहेत. कॅप्टन फॉय नावाचा माणूस उठतो. मंडळीतल्या प्रत्येकाने कर्ज फिटेपर्यंत आठवड्याला एक पेनी द्यावी, असं त्याचं म्हणणं. दुसरा कुणी लगेच म्हणतो, पुष्कळांना तेही परवडणार नाही. फॉयचं उत्तर तयार आहे: सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन, त्यांना देता आलं तर ठीक, नाही तर त्यांचे पैसे मी भरेन. तुम्हीही प्रत्येकी अकरा शेजारी घ्या.

बस, एवढंच. अकरा आणि एक, बारा. आपल्याकडच्या बचत गटासारखी साधी व्यवस्था. पण घरोघर पेनी गोळा करायला गेलेले लोक काही आठवड्यांनी वेस्लीकडे येऊन सांगू लागतात की अमुक जण अजून दारू पिऊन बायकोला मारतो, अमुक घरात चूल पेटलेली नाही, अमुक बाई रात्रंदिवस रडते आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. वेस्लीच्या ध्यानात येतं की हजारो लोक उपदेश ऐकून गेले, पण त्यांना सांभाळणारं कुणी नव्हतं, आणि आपण जे शोधत होतो ते एका कर्जाने हातात आणून दिलं. पुढे घरोघर फिरणं सोडून सगळे बारा जण आठवड्यातून एकदा एका जागी बसू लागतात. हाच मेथॉडिस्टांचा 'क्लास', वर्ग. लंडनमध्ये आणि मग जिथे जिथे मेथॉडिस्ट गेले तिथे हाच साचा गेला.

एका वर्गात बसून पाहा. वर्ष १७४३, हिवाळ्यातली संध्याकाळ, वरच्या मजल्यावरची एक खोली. पिंपं बनवणारा एक कारागीर वर्गाचा पुढारी आहे. त्याला लॅटिन येत नाही आणि त्याला कुणी दीक्षा दिलेली नाही. कधी कधी पुढारी बाई असते, आणि फक्त पुरुषांनाच व्यासपीठावरून बोलू देणाऱ्या त्या काळात हे लहान नाही. सुरुवातीला गाणं होतं. जॉनचा धाकटा भाऊ चार्ल्स वेस्ली आयुष्यभरात हजारो गीतं रचतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुढारी दोन ओळी म्हणतो, सगळे त्या गातात, मग पुढच्या दोन. न वाचणाऱ्याला पंथाची शिकवण इथूनच पाठ होते.

मग प्रश्न सुरू होतात. पुढारी प्रत्येकाकडे वळून विचारतो, तुमच्या आत्म्याचं कसं चाललंय? एक विधवा म्हणते, या आठवड्यात प्रार्थना जमली नाही, मुलाचा ताप उतरेना. कुणी तिला वचन सुनावत नाही. उद्या सकाळी कोण तिच्याकडे जाणार एवढं ठरतं. एक तरुण खलाशी कबूल करतो की त्याने जकात चुकवून आणलेला माल विकत घेतला. पुढारी ते सोडून देत नाही.

कारण याच वर्षी वेस्लीने मंडळ्यांसाठी सर्वसाधारण नियम छापले आहेत. आत येण्यासाठी एकच अट आहे, पापातून सुटण्याची इच्छा. विश्वासाची परीक्षा घेतली जात नाही, मतांची यादी म्हणून दाखवावी लागत नाही. पण ती इच्छा खरी असेल तर आयुष्यात तीन ठिकाणी दिसली पाहिजे: कुणाचं वाईट न करणं, होईल तितकं भलं करणं, आणि उपासना, प्रभुभोजन, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपास ही देवाने दिलेली साधनं न सोडणं. पहिल्या नियमाखाली बारकावे येतात. कडक दारू नको. चोरटा माल नको. फेडता येणार नाही असं कर्ज नको. खरेदी-विक्रीत घासाघीस नको. भावाभावांत कोर्टकचेरी नको. सोन्याचा आणि महागड्या कपड्यांचा सोस नको. हे वाचून कुणाला ते कर्मठ वाटेल. ब्रिस्टलच्या त्या गल्ल्यांत उभं राहिलं की कळतं, यातल्या एकेका नियमामागे कुणा बाईचं उपाशी घर आहे.

तुमच्याकडे आता पाळी येते. सगळे पाहताहेत, कुणी घाई करत नाही. तुम्ही काय उत्तर द्याल ते मी सांगू शकत नाही, पण माझ्या मते मेथॉडिस्ट विश्वास काय आहे ते इथे या बाकावर कळतं. कृपा आधीच आलेली आहे म्हणून खोटं बोलायची गरज नाही. क्षमा मिळते म्हणून कबूल करायला धीर येतो. आणि क्षमेवर काम संपत नाही. देवावर आणि शेजाऱ्यावर पूर्ण प्रेम करता येण्याइतकं माणसाचं मन या जन्मी बदलू शकतं, असं वेस्ली मानतो. या पवित्रीकरणाच्या शिकवणीवर त्याला आयुष्यभर टीका सोसावी लागली. पण बारा जण दर आठवड्याला एकमेकांना विचारणार असतील तर बदलाची आशा धरण्यात काही वावगं नाही.

तीन महिन्यांनी तुम्हाला एक छोटं तिकीट मिळतं, वचन छापलेलं, त्यावर तुमचं नाव. ते दाखवून सभासदांच्या सभेला आणि प्रेमभोजनाला जाता येतं. नियम पाळत नसाल तर पुढचं तिकीट मिळत नाही. गाजावाजा न होता तुम्ही बाहेर पडता.

त्या नियमांत १७४३ साली एक गोष्ट मात्र नव्हती, आणि ब्रिस्टलमध्ये ती डोळ्यांसमोर होती. गोदीतून आफ्रिकेकडे जहाजं सुटत, तिथून माणसं वेस्ट इंडीजला नेत आणि साखर घेऊन परत येत. वर्गात चोरट्या मालाची चौकशी व्हायची, पण गुलामांच्या व्यापाराचा नियमांत उल्लेख नव्हता. व्हाइटफील्डने, काळ्या गालांवरचे अश्रू ज्याने पाहिले त्याने, जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर व्हावी म्हणून खटपट केली आणि स्वतः गुलाम ठेवले. हे लिहिताना मन विटतं. ते वगळून त्याची थोरवी सांगता येणार नाही. वेस्लीने अमेरिकेत गुलामगिरी पाहिलेली होती, पण तिच्याविरुद्ध त्याची पुस्तिका १७७४ मध्ये आली. उशिरा आली, तरी तिच्यात आडपडदा नव्हता.

म्हणून मार्च १७८८ च्या त्या गुरुवारच्या संध्याकाळी पुन्हा न्यू रूममध्ये या. इमारत १७४८ मध्ये वाढवलेली आहे आणि छतातल्या आठकोनी काचेच्या झरोक्यातून दिवसा उजेड खाली येतो. वेस्ली आता चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, केस पांढरे, आवाज अजून स्पष्ट. गुलामगिरीवर बोलणार असं त्याने आधीच जाहीर केलं आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत खोली भरली आहे, श्रीमंत आणि गरीब एकाच बाकावर. या शहरात हा विषय काढणं म्हणजे कित्येकांच्या पोटावर पाय देणं. उपदेशाच्या मध्यावर अचानक प्रचंड आवाज उठतो, कशाचा ते कळत नाही. लोक एकमेकांवर आदळतात, बाक मोडतात, तुम्ही भिंतीला चिकटता. सुमारे सहा मिनिटांनी सारं जसं सुरू झालं तसं थांबतं, आणि म्हातारा पुढचं वाक्य बोलू लागतो. दुसरा दिवस गुलामांसाठी उपास आणि प्रार्थनेत घालवायचा असं ठरतं. तीन वर्षांनी, मरणाच्या सहा दिवस आधी, लिहिलेल्या पत्रात तो गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या खासदार विल्बरफोर्सला हा लढा सोडू नकोस म्हणून सांगतो. तो वारला २ मार्च १७९१ रोजी.

या खोलीतून मुंबईपर्यंत एक वाट जाते, म्हणून थोडं मागे. ऑगस्ट १७७१ ला ब्रिस्टलमध्येच प्रचारकांची परिषद भरली. अमेरिकेला कोण जाणार असं वेस्लीने विचारलं, तेव्हा फ्रान्सिस अॅस्बरी नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने तयारी दाखवली. तेरा वर्षांनी, १७८४ मध्ये, वेस्लीने ब्रिस्टलमध्ये आपल्या हाताने थॉमस कोकला अमेरिकेच्या कामावर देखरेख करायला नेमलं, आणि त्या नाताळात बाल्टिमोरला मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं. कोकला म्हातारपणी पूर्वेचा ध्यास लागला. १८१३ च्या अखेरीस तो सोबत्यांसह जहाजाने निघाला आणि ३ मे १८१४ रोजी हिंदी महासागरावर वारला, समुद्रातच त्याला पुरलं. पोरके झालेले सोबती त्याच महिन्यात मुंबईच्या किनाऱ्याला उतरले आणि तिथून सिलोनला गेले.

१८७१ च्या नोव्हेंबरात दुसरा एक जण मुंबईत येतो, विल्यम टेलर. अमेरिकन, सोन्याच्या शोधात लोक सॅन फ्रान्सिस्कोला लोटले तेव्हा तिथल्या रस्त्यांवर उपदेश केलेला. तो मुंबईत आधी दुभाष्यामार्फत मराठी लोकांशी बोलून पाहतो, फारसं साधत नाही. मग तो इंग्रजी बोलणाऱ्यांकडे वळतो, आणि लोकांच्या घरांत छोट्या छोट्या बैठका सुरू होतात. तुम्ही त्यांतल्या एका दिवाणखान्यात बसला आहात. कचेऱ्यांत आणि रेल्वेत काम करणारे लोक आहेत, काही भारतीयही. पद्धत हॉर्सफेअरच्या वर्गाचीच: गाणं, प्रार्थना, आणि प्रत्येकाला एक प्रश्न. १८७२ च्या सुरुवातीला हे लोक मेथॉडिस्ट मंडळी म्हणून उभे राहतात. टेलरची अट स्पष्ट आहे, न्यूयॉर्कहून पैसा येणार नाही, पाळकाला इथल्यांनी पोसायचं. कॅप्टन फॉयला हे लगेच समजलं असतं.

टेलरसोबत उभे आहेत जॉर्ज बोवेन. १८४८ पासून मुंबईत, आधी दुसऱ्या अमेरिकन मिशनचे. वर्षभरातच त्यांनी पगार सोडला, गरीब वस्तीत राहिले, मराठी शिकले आणि रस्त्यांवर मराठीत बोलत राहिले. 'बॉम्बे गार्डियन' हे पत्रही त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. टेलर आला तेव्हा बोवेन साठीकडे झुकलेले होते, आणि तरीही ते या नव्या मंडळीत सामील झाले. १८७६ मध्ये मुंबईतच मेथॉडिस्टांची साउथ इंडिया कॉन्फरन्स स्थापन झाली, आणि टेलरचा इंग्रजी दिवाणखाना ओलांडून काम देशी भाषांकडे वळलं. टेलर तोवर पुढच्या मुलखांकडे निघून गेला होता. बोवेन ५ फेब्रुवारी १८८८ रोजी वारले, मुंबईतच.